भूल दिलेल्या रुग्णाच्या शरीरावरचा ताण बोटावरच्या प्रोबमधून कसा ओळखावा

भूल दिलेला रुग्ण बोलत नाही. स्नायू शिथिल करणारे औषध दिले असेल, तर त्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही. पण चाकू कातडीला लागला की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतून वर जातोच, आणि रुग्णाला त्याची जाणीव नसली तरी सिम्पथेटिक मज्जासंस्था (ताणात शरीराला सज्ज करणारी) त्याला उत्तर देते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो आणि बोटांच्या टोकांतल्या बारीक धमन्या आवळतात. ही शेवटची गोष्ट काही सेकंदांत घडते आणि ती प्रकाशाने दिसते.

त्यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. तालुक्याच्या नर्सिंग होममध्येही प्रत्येक रुग्णाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब, म्हणजे बोटावर बसणारी प्रकाशाची चिमटी, असतो. त्यातून आपण सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण) आणि नाडी एवढेच वाचतो. पडद्यावरच्या नाडीच्या लाटेची उंची हा तिसरा आकडा आपण सोडून देतो, आणि बरेचदा मॉनिटरच तो आपल्यापासून लपवतो. हा आकडा कसा मिळवायचा, कधी मानायचा आणि कधी नाही, हे भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर आणि ओटी (शस्त्रक्रियागृह) तंत्रज्ञ यांच्यासाठी इथे सांगतो आहोत. औषध द्यायचे की नाही हा निर्णय मात्र टेबलाशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाचाच.

प्रोब काय पाहतो

प्रोबच्या एका बाजूला दोन दिवे असतात: सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. समोरच्या बाजूला प्रकाश मोजणारा डिटेक्टर असतो. बोटातून जाताना बहुतेक प्रकाश कातडी, हाड आणि शिरांतले रक्त शोषून घेते आणि तो भाग जवळपास स्थिर राहतो. प्रत्येक ठोक्याला धमनीत रक्त भरते तेवढाच छोटा भाग वरखाली होतो. वरखाली होणाऱ्या भागाला स्थिर भागाने भागून शंभरने गुणले की परफ्यूजन इंडेक्स मिळतो. ओटीत त्याला सगळे पीआय म्हणतात.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या निहोन कोहडेन कंपनीत ताकुओ आओयागी रंगद्रव्य वापरून हृदयातून किती रक्त बाहेर पडते ते मोजत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या मोजमापात गडबड होत होती. ती गडबड काढून टाकायच्या प्रयत्नातून पल्स ऑक्सिमीटर जन्माला आला. आपण आता त्याच ठोक्यांच्या लहानमोठेपणाकडे पाहणार आहोत.

बोटच का, कान का नाही? बोटांच्या कातडीत सिम्पथेटिक तंतू दाट असतात, म्हणून ताण आला की तिथला रक्तप्रवाह झटकन कमी होतो. कान आणि कपाळ इथे हा परिणाम फार कमी दिसतो. रुग्ण शॉकमध्ये असेल तर सॅच्युरेशनसाठी कान बरा. ताण ओळखायचा असेल तर मात्र बोटाला पर्याय नाही.

प्रोब लावताना

रक्तदाबाचा कफ ज्या हाताला असेल त्याच हाताला प्रोब कधीही लावू नका. कफ फुगला की लाट सपाट होते, सुटला की उसळते, आणि दर तीन मिनिटांनी खोटा ताण दिसत राहतो. म्हणजे सलाईनचा हातच उरतो. तिथे अडचण एकच: गार सलाईन जोरात सोडली की तो हात थंड पडतो आणि लाट बारीक होते. सलाईन कोमट करून घ्या, निदान पहिल्या लिटरच्या वेळी हाताला अधूनमधून हात लावून पाहा.

मधले किंवा अनामिकेचे बोट घ्या. दिव्याची बाजू नखावर, डिटेक्टर बोटाच्या गादीखाली आणि दोन्ही समोरासमोर. नेलपॉलिश, विशेषतः काळी, निळी किंवा हिरवी, पुसून घ्या. लग्नसराईत बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असते. ती पुसता येत नाही आणि तिच्यामुळे सिग्नल कमजोर होऊ शकतो, म्हणून त्यातल्या त्यात फिका रंग असलेले बोट शोधा. बोटे तेलकट असतील तर स्पिरिटने पुसून कोरडी करा. चुडा असेल तर बांगड्या वर सरकवून नीट बांधा. बांगडी प्रोबच्या वायरवर आपटली की लाट थरथरते.

वायरचा एक सैल वेढा हाताच्या पाठीवर घेऊन टेपने चिकटवा, म्हणजे ओढ बोटावर न येता टेपवर येते. बोटाभोवती टेप आवळून गुंडाळू नका. त्याने शिरा दाबल्या जातात आणि लाटही बिघडते. ओटीचा मोठा दिवा थेट प्रोबवर पडत असेल तर हिरव्या कापडाची घडी टाका. कॉटरीची (विजेने ऊती कापणाऱ्या, रक्त थांबवणाऱ्या उपकरणाची) वायर आणि प्रोबची वायर शेजारीशेजारी नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. क्लिपचा प्रोब साधारण चार तासांनी दुसऱ्या बोटाला लावा. बोट थंड असेल तर त्याआधीच काढून कातडी पाहा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात अंगालगत गुंडाळतात. तिथे दर थोड्या वेळाने खाली वाकून पाहायची सवय लावा. असिस्टंट हातावर रेललेला असतो, लाट अर्धी होते आणि आपण फेंटानिल (तीव्र वेदनाशामक) भरायला घेतो, असे सहज घडू शकते.

मॉनिटरवरची एक सेटिंग

या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. बहुतेक मॉनिटरवर प्लेथची (प्रोबमधून येणाऱ्या नाडीची) लाट ऑटो गेनवर असते. म्हणजे लाट लहान झाली की मॉनिटर ती आपोआप ताणून पडद्यावर तेवढ्याच उंचीची दाखवतो. सॅच्युरेशन वाचणाऱ्याची त्याने सोय होते, पण शरीर काय सांगते आहे ते पुसले जाते. धमनी आवळून लाट चौपट लहान झाली तरी पडद्यावर सगळे ठीक दिसते.

प्लेथच्या सेटअपमध्ये जाऊन गेन ऑटोवरून फिक्स्ड किंवा मॅन्युअल करा. इंडक्शननंतर (भूल चढवल्यावर) लाट पडद्याच्या पट्टीचा साधारण दोन-तृतीयांश भाग भरेल इतका गेन ठेवा आणि मग शेवटपर्यंत त्याला हात लावू नका. काही मॉनिटरवर फिक्स्ड गेन नसतो. तिथे पीआयचा आकडा पडद्यावर आणा आणि त्याचा दहा मिनिटांचा ट्रेंड उघडा ठेवा. लाटेवर विश्वास न ठेवता त्या रेषेवर ठेवा.

लाटेचा वेगही बदलून पाहा. २५ मिलिमीटर प्रति सेकंदाला प्रत्येक ठोक्याचा आकार दिसतो. ६.२५ ला ठोके एकमेकांना चिकटतात आणि वरच्या टोकांची किनार दिसू लागते. ताण आला की ही किनार नरसाळ्यासारखी निमुळती होते. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की टेबलाच्या पलीकडून मान वळवूनही ओळखता येते. सॅच्युरेशनचा सरासरी काळ निवडता येत असेल तर आठ सेकंदांच्या आसपास ठेवा. लांब सरासरीत छोटी घसरण विरून जाते.

आधी स्वतःच्या बोटावर

दिवसाच्या शस्त्रक्रियांची यादी सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटे काढा. प्रोब स्वतःच्या बोटाला लावा, गेन फिक्स्ड करा, हात मांडीवर स्थिर ठेवा. लाट सरळ चालू लागली की एकदम जोरात खोल श्वास घ्या. काही सेकंदांत लाट खाली बसेल आणि हळूहळू परत उठेल. मग दुसरा हात बर्फाच्या पाण्यात बुडवा. आता लाट बसेल ती पाण्यातून हात निघेपर्यंत दबलेलीच राहील. क्षणिक प्रतिक्रिया आणि टिकून राहिलेली प्रतिक्रिया यांतला फरक असा पाहिला की पुस्तकातून वेगळा शिकावा लागत नाही.

प्रोबचा हात एकदा डोक्याच्या वर धरून आणि एकदा खाली लोंबता सोडूनही पाहा. काहीही दुखत नसताना लाटेचा आकार बदलतो. टेबल वर, खाली किंवा तिरके केल्यावर आकडा का हलतो ते इथेच कळते.

आधाररेषा ठरवणे

जाग्या, घाबरलेल्या आणि थंड हाताच्या रुग्णाचा पीआय अनेकदा एकच्या आसपास असतो. प्रोपोफॉल आणि सेव्होफ्लुरेन या भुलीच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पीआय दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून जाग्या अवस्थेतला आकडा तुलनेसाठी धरू नका. इंडक्शन झाल्यावर, मास्कने श्वास देताना, श्वासनलिकेत नळी टाकण्यासाठीचा लॅरिंगोस्कोप घालण्याआधी दोन मिनिटे शांत मिळतात. तेव्हाचा पीआय भुलीच्या तक्त्यावर लिहा. नळी टाकल्यानंतर लाट खाली जाईल आणि सावरेल. सावरल्यावरचा, रुग्णाची अंतिम स्थिती दिल्यावरचा आकडा दुसऱ्यांदा लिहा. चिऱ्यानंतरची सगळी तुलना या दुसऱ्या आकड्याशी करायची.

पीआयचा कोणताही एक आकडा सगळ्यांसाठी 'बरोबर' नसतो. एकाचा ६ असतो, दुसऱ्याचा १.५, आणि दोघेही शांत झोपलेले असतात. त्याच बोटावर, त्याच हातावर झालेला बदल तेवढा पाहायचा. त्वचा गडद असेल तर सॅच्युरेशनचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे आता सर्वमान्य आहे. आपली तुलना त्याच बोटाशी असल्यामुळे तो दोष इथे तेवढा आडवा येत नाही.

शस्त्रक्रियेत लाट वाचणे

समजा, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे आहे. चिऱ्याआधी पीआय ४.८, नाडी ७२, रक्तदाब ११८/७४. बेंबीपाशी पहिला ट्रोकार (दुर्बीण घालायची नळी) आत जातो. दहा सेकंदांत पीआय २ वर येतो, नाडी जेमतेम ७८ होते. कफ दर तीन मिनिटांनी फुगतो, त्यामुळे वाढलेला रक्तदाब अजून कुणाला दिसलेला नाही. ही तीन मिनिटे लाटेने आपल्याला दिलेली असतात.

आता पुढे काय होते ते पाहा. ट्रोकारची घसरण टोकदार असते आणि एखाद्या मिनिटात बरीचशी भरून निघते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरायला लागला, दाब १२ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत गेला, की दुसरी घसरण सुरू होते. ती सावकाश उतरते आणि टिकून राहते. यात वेदनेचा वाटा असतो, पण पोटातल्या दाबाने आणि त्यातून वाढणाऱ्या व्हॅसोप्रेसिन, कॅटेकोलामाइन या संप्रेरकांनी रक्तवाहिन्या आवळण्याचाही मोठा वाटा असतो. ही दुसरी घसरण नुसत्या ओपिऑइडने (फेंटानिलसारख्या वेदनाशामकाने) भरून काढायचा हट्ट धरला तर शेवटी रुग्ण श्वास घ्यायला तयार नसतो. दाब १० वर चालतो का, ते सर्जनला विचारा.

लाटेचा आकारही बोलतो. उतरत्या बाजूवर छोटी खाच असते. रक्तवाहिन्या आवळल्या की लाट बुटकी होते आणि खाच टोकाकडे चढते. सैल पडल्या की लाट उंच होते आणि खाच पायथ्याशी उतरते. उंची आणि खाच दोन्ही एकाच दिशेने बोलत असतील तर बदल खरा समजा.

आधाररेषेपेक्षा साधारण एक-तृतीयांश किंवा जास्त घट झाली आणि ती एका मिनिटाहून अधिक टिकली तर कारण शोधायला लागा. हा कामाचा ठोकताळा आहे, प्रमाणित उंबरठा नव्हे.

सिरिंज उचलण्याआधी

लाट बसली म्हणजे दुखतेच आहे, असे नाही. क्रमाने पाहा.

१. हात आणि प्रोब. सरकला का, कुणी दाबला का, कफ फुगतो आहे का, कॉटरी चालू आहे का, टेबल नुकतेच हलवले का.

२. भूल. व्हेपोरायझर (भुलीचे द्रव वाफ करून देणारे यंत्र) रिकामा झाला असेल किंवा सिरिंज पंप अडला असेल, तर रुग्ण जागा होत असू शकतो. श्वासातल्या वायूचे प्रमाण किंवा पंप आधी पाहा. शिथिल रुग्णात ही चूक सर्वांत क्रूर.

३. रक्त आणि पाणी. रक्तस्रावातही हात आवळतात. इथे लाट नुसती बारीक होत नाही, व्हेंटिलेटरच्या श्वासाबरोबर तिची किनार नागमोडी हलू लागते. नियमित ठोके आणि किलोला सुमारे ८ मिली टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) असताना हा बदल साधारण १४ टक्क्यांच्या वर असेल, तर रुग्णाला द्रव देऊन फायदा होण्याची शक्यता जास्त. उघड्या छातीत, अनियमित ठोक्यांत किंवा पोटात वायू असताना हा हिशेब कच्चा ठरतो.

४. थंडी. कोपराखालचा हात आणि बोटाचे टोक यांच्या तापमानात ४ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक असेल, तर रक्तवाहिन्या उष्णता वाचवण्यासाठी आवळल्या आहेत. गरम हवेचे ब्लँकेट घाला. ही घसरण तासाभरात हळूहळू येते, चिऱ्याबरोबर एकदम येत नाही.

५. औषधे. फेनिलेफ्रिन, नॉरअॅड्रेनलिन, सर्जनने टोचलेले अॅड्रेनलिन, डेक्समेडेटोमिडिनचा झपाट्याने दिलेला डोस, ही सगळी लाट बसवतात.

पाचही नाही म्हणाले तर वेदना धरा. फेंटानिल असेल तर किलोला ०.५ ते १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ३० ते ६० मायक्रोग्रॅम. २ मिलीच्या अँप्युलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतात, तेव्हा ०.६ ते १.२ मिली. पूर्ण परिणामाला तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणूनच चिऱ्याची वेळ माहीत असेल तर डोस त्याआधी तीन-चार मिनिटे द्या. दिल्यावर लाट पाहत राहा. पाच मिनिटांत ती उठली नाही तर दुसरा डोस भरण्याआधी यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासा.

अनेक छोट्या ठिकाणी अमली पदार्थांच्या कायद्याच्या परवान्यांमुळे फेंटानिल सहज मिळत नाही. बुटॉर्फेनॉल, नाल्बुफिन, ट्रामाडॉल, पॅरासिटामॉलची बाटली आणि सर्जनने जखमेच्या कडेला दिलेले, जागा बधिर करणारे बुपिवाकेन यांवर काम चालते. लाट तिथेही तेच सांगते. उलट अशा ठिकाणी तिची गरज जास्त, कारण या औषधांचा परिणाम पोचायला वेळ लागतो आणि आधी कळणे मोलाचे ठरते.

रक्तदाब वाढला म्हणून थेट एस्मोलॉल किंवा मेटोप्रोलॉल (नाडी कमी करणारे बीटा ब्लॉकर) देण्याची घाई करू नका. नाडी खाली येते, तक्ता सुंदर दिसतो, आणि बोटावरची लाट मात्र बारीकच राहते. शरीर अजून तेच सांगत असते, आपण फक्त त्याचा आवाज बंद केलेला असतो.

एसपीआय असेल तर

जीई कंपनीच्या काही मॉनिटरवर सर्जिकल प्लेथ इंडेक्स, म्हणजे एसपीआय, मिळतो. साधा बोटाचा प्रोब, वेगळे डिस्पोजेबल काही नाही. लाटेची उंची आणि दोन ठोक्यांमधले अंतर यांना प्रमाणात आणून ० ते १०० असा आकडा काढतात. त्यात उंचीचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश आणि ठोक्यांचा एक-तृतीयांश. आकडा जास्त म्हणजे ताण जास्त. साधारण २० ते ५० मध्ये ठेवायचा. ५० च्या वर टिकला किंवा एकदम १० ने उडाला तर वेदनाशामक कमी पडते आहे का, पाहायचे. बराच वेळ २० च्या खाली असेल तर ओपिऑइड गरजेपेक्षा जास्त झाले असावे. पहिली काही मिनिटे यंत्र त्या रुग्णाशी जुळवून घेत असते, त्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका.

हा आकडा पूर्ण भुलीतल्या प्रौढांसाठी आहे. जाग्या, स्पायनल (पाठीच्या कण्यात सुई देऊन खालचा भाग बधिर करणे) दिलेल्या किंवा नुसती गुंगी दिलेल्या रुग्णात तो मनावरचा ताण आणि वेदना वेगळे करू शकत नाही. अॅट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट दिले की नाडी वाढते आणि एसपीआय वेदना नसताना चढतो. पेसमेकर, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), बीटा ब्लॉकर यांत ठोक्यांचा भाग निकामी होतो. अशा वेळी एसपीआय बंद करा आणि नुसता पीआय पाहा. फिब्रिलेशनमध्ये तोही ठोक्यागणिक उडतो, तेव्हा मिनिटभराचा ट्रेंड घ्या.

ब्लॉक दिलेला हात

ब्रेकियल प्लेक्सस ब्लॉक (हाताचे मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन) लागला की त्या हाताच्या सिम्पथेटिक तारा बंद होतात. बोटे गरम होतात, पीआय भराभर चढतो. ब्लॉक लागल्याची ही चांगली आणि लवकर दिसणारी खूण आहे, जरूर वापरा. पण त्यानंतर तो हात ताणाबद्दल काहीच सांगणार नाही, प्रोब दुसऱ्या हाताला न्या. स्पायनलमध्ये पायाच्या बोटाचा पीआय वाढतो आणि हाताचा अनेकदा कमी होतो, कारण खाली सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांची भरपाई शरीर वर आवळून करते. त्याला वेदना समजू नका. रक्तदाब चढवणारे इफेड्रिन जवळ ठेवा.

नळी काढताना आणि नंतर

स्नायूंची शिथिलता उतरवणारे निओस्टिग्मिन-ग्लायकोपायरोलेट दिल्यावर नाडी वाढेल, पण लाटेची उंची फारशी हलायला नको. वायू बंद केल्यावर लाट पायरीपायरीने बारीक होत गेली तर रुग्ण भुलीतून बाहेर येतो आहे. घशातले सक्शन करताना ती एकदम बसेल, हे अपेक्षितच. डोळे उघडायच्या बऱ्याच आधी, टाके चालू असतानाच लाट बारीक होऊन तशीच राहिली, तर रिकव्हरीत तो विव्हळत जागा होण्याची शक्यता धरा आणि टाक्यांच्या कडेचा बुपिवाकेनचा डोस राहून गेला का, ते सर्जनला तेव्हाच विचारा.

रिकव्हरीत प्रोब त्याच बोटाला ठेवा. हुडहुडी भरली की लाट निरुपयोगी होते. आधी ब्लँकेट, मग आकडा. सिस्टरना रुग्ण सोपवताना तक्त्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असू द्या: चिऱ्याआधीचा पीआय, शेवटचा पीआय, आणि शेवटचे वेदनाशामक कोणते, किती, किती वाजता.